नव्वदची मॅक्रो लेन्स

जाहिरातीत लेन्सचे फोटो बरेच होते, पण एकातही तिची पुढची काच दिसत नव्हती. लेन्स उभी होती, आडवी होती, लाल मखमलीवर दिव्याच्या उजेडात ठेवलेली होती. तोंड मात्र प्रत्येक वेळी झाकणाखाली. धम्मशीला इंगळेनं ते फोटो मोबाइलवर मोठे करकरून पाहिले आणि तिची खात्री झाली की यात काहीतरी आहे. विकणारा स्वतः फोटोग्राफर होता. काच दाखवायची असते हे त्याला कळत नसेल, असं होणार नव्हतं.

दुसरी गोष्ट किंमत. नव्वद मिलिमीटरची खरी मॅक्रो लेन्स, बारीक वस्तू मोठी टिपणारी, जुनी आणि हातानं फोकस करायची असली तरी, इतक्या स्वस्तात कोणी काढत नाही. आणि तिसरी, जाहिरातीखालची ओळ: ‘शेगाव. गरजूनेच फोन करावा. दुकानात येऊ नये.’

गरज तिला होती, हीच अडचण होती.

धम्मशीला बुलढाण्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवायची आणि सुट्टीला देऊळघाटला वडिलांकडे जायची. पावसाळा सरता सरता तिथल्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बोरीच्या एका झुडपावर, काळ्या मुंग्यांच्या रांगेतली एक मुंगी तिला जरा वेगळी चालताना दिसली. ती पाहत राहिली. वाऱ्यानं फांदी हलली तशी त्या मुंगीनं खाली उडी टाकली आणि अधांतरी थांबली. तिच्या मागे बारीक धागा लोंबत होता. मुंगी धागा सोडत नाही. तो कोळी होता, मुंगीचं सोंग घेतलेला. पुढचे दोन पाय वर धरून, मिशांसारखे हलवत, तो मुंग्यांच्या घोळक्यात आपलंच घर असल्यासारखा फिरत होता.

असे सोंगाडे कोळी काही दुर्मीळ नसतात, हे तिला ठाऊक होतं. पण याच्या पोटावरचा पांढरट पट्टा तिला कुठेच सापडेना. तिनं मोबाइलवर काढलेला फोटो बेंगळुरूच्या एका कोळी-अभ्यासकांना पाठवला. त्यांचं उत्तर थोडक्यात आलं. या फोटोवरून काही सांगता येत नाही. प्रौढ नराच्या पाल्पचा स्पष्ट फोटो हवा. पाल्प म्हणजे तोंडाशेजारची, आखूड पायांसारखी जोडी. नरात तिची टोकं फुगीर असतात आणि दर जातीत त्या टोकांचा घाट वेगळा. ओळख पटते ती तिथे. कोळी नेहमीच्यातला निघाला तर प्रश्न मिटला. वेगळा वाटला तर दिवाळीनंतर ते लोणारला येणारच होते, तिथून देऊळघाटला येऊन झुडपावरच त्याला पाहतील.

तोवर झुडूप राहायला हवं होतं. तिचे वडील गुलाबराव हरभरा पेरायच्या आधी धुरा साफ करत. बोरीच्या काट्यांत उंदीर घर करतात आणि पुढे पीक खातात, हा त्यांचा दरसालचा अनुभव. लेकीच्या शब्दाखातर ते यंदा थांबले होते, पण दिवाळीपर्यंतच. आणि थांबतानाही त्यांनी विचारून घेतलं होतं की जो किडा तिला स्वतःलाच धड दिसत नाही, त्याच्यासाठी वावर काऊन अडवायचं. फोटो असता तर त्यांना दाखवता आला असता.

स्वस्तातले मार्ग तिनं सगळे चाचपून पाहिले होते. मोबाइलला चिमट्यानं लावायचं भिंग मिळतं. त्यातून मधलाच ठिपका स्पष्ट येतो, कडा जांभळ्या पडतात. कॅमेऱ्याची साधी लेन्स उलटी बसवायची कडी तिनं मागवली. कोळी मोठा दिसला खरा, पण लेन्स त्याच्यापासून बोटभर अंतरावर. तिची सावली त्याच्यावर पडली आणि तो पानामागे गेला. लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसवायच्या पोकळ नळ्या एका सहकाऱ्याकडून आणल्या, त्यांचंही तेच. मोठं दिसणं पुरेसं नाही, लांबून मोठं दिसायला हवं, हे तिला तेव्हा पक्कं कळलं. साठ मिलिमीटरची मॅक्रो त्या मानानं स्वस्त मिळते, पण ती फार जवळ नेते. नव्वद-शंभरची असली तर कोळी आणि काच यांच्यात मुठीएवढी मोकळी जागा राहते, आणि तरीही तो आहे तेवढ्या आकाराचा सेन्सरवर उतरतो. अशी नवी लेन्स तासिकांच्या मानधनात बसत नव्हती.

म्हणून तिनं शेगावला फोन केला.

पलीकडचा माणूस राजकुमार. त्याचा आवाज दबका होता, मागे कोणीतरी बसलेलं असावं तसा. तिनं एक विचारावं तर तो दोन विचारी. कुठून बोलता, कशाला पाहिजे, माझा नंबर कोणी दिला? नंबर तुमच्याच जाहिरातीत आहे, असं तिनं सांगितल्यावर त्यानं विषय बदलला. बिल नाही म्हणाला. लेन्सवरचा क्रमांक विचारला तर तुम्हाले कायले पाहिजे म्हणाला. चार वर्षं डब्यात पडून आहे, कोणी हात लावलेला नाही, म्हणून काढतोय, इतकंच त्याचं सांगणं. दुकानात नको, घरी तर नकोच. रेल्वे स्टेशनासमोरच्या कचोरीच्या दुकानात या, दुपारची गर्दी उतरल्यावर.

चोरीची असणार, असं तिला वाटलं. नाहीतर आतून बुरशी खाल्लेली. तरी ती निघाली. निघताना गुलाबरावांना कुठे जातेय, कोणाला भेटतेय ते सांगून ठेवलं, आणि राजकुमारचा नंबरही देऊन ठेवला.

राजकुमार चाळिशीचा होता. पोळ्यांचा स्टीलचा डबा कापडी पिशवीत घालून आला होता आणि दाराकडे तोंड करून बसला होता. कोणी आत आलं की त्याची नजर आधी तिकडे जाई. त्यानं डबा टेबलावर सरकवला आणि लवकर पाहून घ्या म्हणाला.

धम्मशीला लवकर काहीच करत नसे. तिनं आधी लेन्स हातात घेऊन वजन पाहिलं, मग फोकसची कडी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. जड पण एकसारखी फिरत होती. छिद्राची पाती उघडझाप करून पाहिली. पात्यांवर तेल उतरलेलं नव्हतं. मग झाकण काढून मोबाइलचा टॉर्च मागून धरला आणि एक डोळा मिटून आत पाहिलं. आत काहीतरी होतं. बुरशी असती तर तिचे बारीक धागे फांद्या फुटत काचेवर पसरलेले दिसले असते. हे सुटे कण होते, लालसर, काचेच्या कडेशी बसलेले. फोकसच्या कडीवरच्या रबराच्या खाचांत पिवळं काहीतरी होतं. तिनं कापसाचा बोळा काढून त्यावरून फिरवला. कापूस पिवळा झाला.

राजकुमार म्हणाला की धूळ असन. ती उठली, हात धुवायच्या नळावर भांड्याच्या साबणाची वडी होती तिथे गेली, आणि ओला बोळा वडीवर टेकवला. पिवळं होतं ते लाल झालं. हळद. साबणातल्या अल्कलीनं हळद लाल होते, हे ती दरवर्षी मुलांना करून दाखवायची. म्हणजे आतले लाल कण कुंकवाचे. लेन्सची पूजा झाली होती, आणि उघड्या तोंडानं झाली होती.

धम्मशीलाच्या घरी दसऱ्याला अवजारं पुजत नाहीत. दसऱ्याला तिचं घर नागपूरला दीक्षाभूमीवर असतं. पण देऊळघाटात शेजारच्या अंगणात ट्रॅक्टरपासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्यांवर पडलेली हळदकुंकवाची बोटं तिनं लहानपणापासून पाहिली होती. तिनं जागेवर येऊन डब्यातली मखमलीची पिशवी उलटी केली. आतून झेंडूची एक पाकळी पडली. तिनं ती दोन बोटांत धरून वाकवली. पाकळी तुटली नाही.

“चार वर्षं कोणीच हात लावला नाही?” तिनं विचारलं.

“नाई ना. सांगतलं ना तुम्हाले.”

“चार वर्षांची पाकळी अशी वाकत नाही. चुरा होतो तिचा. ही या दसऱ्याची आहे.”

राजकुमारनं पाकळीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग दाराकडे.

“पूजेला माझी हरकत नाही,” ती म्हणाली. “पण तुमच्या घरात ही कामाची वस्तू आहे. ज्यांनी पूजा केली, त्यांना ही विकली जातेय हे माहीत आहे का?”

राजकुमारचा आवाज पार बदलला. “मॅडम, आता खरं सांगा. तुम्हाले गोविंदानं पाठोलं ना?”

गोविंदा कोण, असं तिनं विचारलं. तो कडवट हसला. “वा. बिल पाह्यजे, नंबर पाह्यजे. टॉर्च मारून पाह्यता, कापूस घासून पाह्यता. गिऱ्हाईक असं करते काय? मले आंधी वाटलं इन्शुरन्सवाल्या असान. मंग वाटलं जीएसटीच्या. आता समजलं.”

तिला जे त्याच्याबद्दल वाटत होतं तेच त्याला तिच्याबद्दल वाटत होतं, हे कळायला तिला क्षणभर वेळ लागला. तिनं मोबाइल काढून कोळ्याचा तो पुसट फोटो त्याच्यासमोर धरला आणि सगळं सांगितलं.

“हे त मुंगी हाय,” तो म्हणाला.

“कोळी आहे.”

“मले काही शिकवू नका. मुंगीच हाय हे.”

“म्हणूनच लेन्स पाहिजे,” ती म्हणाली.

तो पहिल्यांदा नीट हसला, आणि मग हळूहळू खरं काय ते बाहेर आलं. राजकुमार आणि गोविंदा हे दोघं भाऊ, लग्नाच्या फोटोंचा एकच स्टुडिओ, आणि आता वाटणी चाललेली. व्हिडिओ आणि ड्रोन गोविंदाकडे, फोटोचे कॅमेरे आणि दिवे राजकुमारकडे, असं ठरलं. ही लेन्स मात्र वडिलांनी शेवटी शेवटी घेतलेली, अंगठी, मंगळसूत्र, मेंदीचं बोट जवळून काढायला. ती फोटोतही लागते आणि व्हिडिओतही. दोघांनी मागितली, दोघंही सोडेनात. गोविंदा ती गुपचूप विकून टाकणार, असा राजकुमारचा पक्का समज होता. “त्यानं इकायच्या आंधी मीच इकतो म्हटलं,” तो म्हणाला. लवकर जावी म्हणून किंमत कमी, कुंकू दिसू नये म्हणून तोंडावर झाकण. त्यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं.

लेन्स टेबलावर होती. धम्मशीलाला ती हवी होती. कडेचे चार कण फोटोत दिसत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. पैसे द्यायचे, डबा उचलायचा आणि खामगावची गाडी पकडायची, इतकंच करायचं होतं. पण उद्या गोविंदानं तक्रार केली तर? चोरीच्या वस्तूचा शोध सुरू झाला की पोलीस आधी कोणाच्या दारात येतात, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. गुलाबरावांनी आयुष्यभर प्रत्येक पावती जपून ठेवली होती ती उगीच नाही.

तिनं झाकण लावलं आणि डबा त्याच्याकडे सरकवला. अशी घेणार नाही म्हणाली. दोघांनी मिळून हो म्हटलं तर घेईन. राजकुमार म्हणाला, या जन्मात आम्ही दोघं मिळून हो म्हणणार नाही. ती उठली, पिशवी खांद्याला लावली, आणि उठता उठता तिच्या मनात एक गोष्ट आली.

“लग्नं कधी सुरू होतात तुमची?”

“तुळशीचं लग्न झाल्यावर. त्याच्या आंधी काही नाई.”

“मग तोवर हिला काम काय?”

“काम काही नाई. भांडन लावनं, हेच काम.”

“विकू नका,” ती म्हणाली. “तुळशीच्या लग्नापर्यंत मला भाड्यानं द्या. लेन्स घरचीच राहील. भाडं दोघांना निम्मं निम्मं देईन, दोघांच्या हातात.”

त्यानं विचार केला. हिशेब त्याला पटलेला दिसला. अडलं होतं दुसरीकडे. “पन मंग गोविंदाले सांगावं लागन.”

“हो. तेच म्हणतेय.”

स्टुडिओ बस स्टँडमागच्या लॉजच्या गल्लीत होता. खाली दुकान, वर घर. गोविंदा दारातच उभा होता. त्यानं भाऊ पाहिला, पिशवी पाहिली, पिशवीतला डब्याचा गोल आकार पाहिला आणि एक अनोळखी बाई पाहिली.

“हा डबा कुठी चालला व्हता बे?”

“मॅडम भाड्यानं मांगून राह्यल्या,” राजकुमार म्हणाला. इतक्या सहज म्हणाला की डबा त्यासाठीच बाहेर नेला होता असं धम्मशीलालाही क्षणभर वाटलं.

गोविंदानं विचारलं की आपण लेन्स भाड्यानं कधीपासून देतो. मग त्यानं तिलाच तपासायला घेतलं. कोणत्या कॉलेजच्या? तिथले प्रिन्सिपल कोण? कोळ्याचे फोटो काढून कोणाला काय मिळतं? त्याचा संशय सरळ होता: ही बाई राजकुमारची माणूस, भाड्याच्या नावानं लेन्स जाणार आणि परत येणार नाही. राजकुमार म्हणाला, आपल्यासारखंच सगळं जग आहे असं समजू नको. दोघांचे आवाज चढले, तशी वरून त्यांची आई खाली आली. पुष्पाबाई. ठेंगणी, पांढऱ्या केसांची, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेली. त्यांनी मुलांना एक शब्दही विचारला नाही. धम्मशीलाला खुर्चीवर बसवलं आणि गाव विचारलं. मग वडिलांचं नाव. मग आडनाव.

धम्मशीलानं सांगितलं. पुष्पाबाईंनी मान हलवली आणि वर चहा टाकायला सांगितलं. चहा आला. तो सगळ्यांसाठी एकसारख्याच कपांत आला होता. धम्मशीलानं ते पाहिलं. ही सवय जात नाही.

“पोरगी खोटी नाई वाटत,” पुष्पाबाई म्हणाल्या, “पन तोंड पाहून लेन्स कोन देते? काय काढतं ते काढून दाखव.”

तिच्या पिशवीत कॅमेरा होताच. तिनं लेन्स चढवली. बशीत साखरेचा दाणा सांडला होता आणि त्याच्याकडे एक लहान लाल मुंगी येत होती. धम्मशीलानं बशी खिडकीच्या उजेडात सरकवली, कोपरं टेबलावर टेकवली, फोकसची कडी शेवटच्या टोकाला नेऊन ठेवली आणि मग ती तशीच राहू देऊन स्वतःच केसभर पुढेमागे झुलत राहिली. इतक्या जवळून कडी फिरवून फोकस सापडत नाही. अंगच हलवावं लागतं. तिनं श्वास धरला आणि बटण दाबलं.

स्क्रीनवर साखरेचा दाणा काचेच्या ठोकळ्यासारखा उभा होता, धारदार कडांचा, आणि त्याला जबड्यानं धरून मुंगी रेटत होती. तिच्या डोक्यावरचे केस मोजता आले असते.

पुष्पाबाईंनी चष्मा चढवला. “हे माह्या घरातली मुंगी?”

“तुमचीच.”

“केस विंचरलेले हायेत तिचे.” पुष्पाबाई बराच वेळ पाहत राहिल्या.

दोघं भाऊ मागून वाकले होते. राजकुमार म्हणाला, शटर अजून वाढवायला पाहिजे होतं, मिशीचं टोक हललं आहे. गोविंदा म्हणाला, शटर नाही, उजेड कमी पडला. बाजूनं पांढरा कागद धरायला पाहिजे. तू व्हिडिओवाला, तुला काय कळतं फोटोतलं, असं राजकुमार म्हणाला. पण त्यात मघाचा विखार नव्हता.

धम्मशीलानं पुष्पाबाईंना काचेच्या कडेचे लाल कण दाखवले आणि सांगितलं की पूजा करायची तर झाकण लावून करावी. कुंकू फटीतून आत जातं. पुष्पाबाईंना ते अजिबात पटलं नाही.

“देवाले झाकन लावून कुंकू वाह्यतात काय?” त्या म्हणाल्या.

लेन्स मिळाली. अट पुष्पाबाईंची: रविवारी कोणीतरी देऊळघाटला जाऊन लेन्स डोळ्यांनी पाहून येईल. मी जातो, राजकुमार म्हणाला. गोविंदा लगेच म्हणाला की तो एकटा गेला तर तिकडच्या तिकडे सौदा करून येईल, मीच जातो. तू गेलास तर तूही तेच करशील, राजकुमार म्हणाला. पुष्पाबाई जिना चढून वर निघून गेल्या.

रविवारी सकाळी दोघं एकाच मोटारसायकलवर आले.

गुलाबराव धुऱ्यावर कोयता घेऊन उभे होते. दिवाळी तोंडावर आली होती आणि त्यांनी दुसऱ्या टोकाचे काटे काढून ठेवले होते. शेतात शिरणाऱ्या दोन अनोळखी माणसांकडे त्यांनी पाहिलं, लेकीकडे पाहिलं, आणि हे कोण, असं नजरेनंच विचारलं. लेन्सचे मालक, ती म्हणाली. “एका लेन्सले दोन?” गुलाबराव म्हणाले. कोयता त्यांनी खाली ठेवला नाही.

दोन दिवस धम्मशीलाला नर दिसलाच नव्हता. माद्या होत्या, पिल्लं होती. पाल्पची टोकं फुगलेला प्रौढ नर एकही नाही. नरांचा हंगाम सरला असेल, ही भीती ती कोणाला बोलली नव्हती. आज ऊन नीट वर आल्यावर एका पानाच्या देठापाशी तो दिसला. नराचे जबडे लांब, पुढे आलेले; मुंगीनं दुसरी मुंगी तोंडात धरावी तसे. ती गुडघ्यांवर बसली.

पहिले काही फोटो वरून आले. पाठ, पट्टा, पाय. पाल्प जबड्यांच्या आड. ती हळूच खाली वाकली तर कोळी फिरून तिच्याकडे पाठ करी. ती डावीकडे सरकली, तो उजवीकडे वळला. पान हललं की फोकस गेला. मागे भावांची कुजबुज चालली होती. राजकुमार म्हणे पान धरायला सांग, गोविंदा म्हणे पान धरलं तर तो पळेल. शेवटी गोविंदानं खिशातून वर्तमानपत्राचा तुकडा काढला, पण त्यावर छापलेलं होतं म्हणून राजकुमारनं आपला पांढरा रुमाल काढून त्याच्या हातात दिला. गोविंदानं तो बाजूनं धरला. पानाच्या खालच्या अंगाला मऊ उजेड आला.

तेवढ्यात कोळी वळला. वळला आणि थबकला. त्याचे पुढचे दोन मोठे डोळे थेट काचेवर होते. धम्मशीलाला आधी कळेना की तो पळत का नाही. मग लक्षात आलं: काचेत त्याला स्वतःचं प्रतिबिंब दिसत होतं. त्याच्या लेखी समोर दुसरा नर आला होता, त्याच्याच पानावर. त्यानं पुढचे पाय वर उचलले, मुंगीचं सोंग सोडून दिलं, आणि लांब जबडे दोन्ही बाजूंना फाकवले. जबड्यांच्या मधून दोन्ही पाल्प पुढे आले, टोकं फुगीर, उजेडात.

तिनं श्वास धरला. बटण दाबलं, केसभर पुढे झुकली, पुन्हा दाबलं, पुन्हा. कोळी बाजूला सरकला, परत आला, त्या दुसऱ्याला एकदा नीट निरखून पाहिलं, आणि उडी मारून दिसेनासा झाला.

स्क्रीनवर तिनं फोटो मोठा केला. पाल्पच्या टोकावरचा आकडा, आणि त्याच्या बुडाशी वळलेली नळी. अगदी कडेपर्यंत स्पष्ट. राजकुमारनं वाकून पाहिलं. गोविंदा म्हणाला, “अपर्चर कितीवर?” अकरा, ती म्हणाली. दोघांनी एकदम मान हलवली. मग गुलाबराव पुढे आले, त्यांनीही पाहिलं, आणि थोड्या वेळानं विचारलं की याला डोळे किती. आठ, ती म्हणाली. पुढून चार दिसतात. त्यांनी चार मोजून घेतले.

देऊळघाटच्या त्या टोकाला नेटवर्क येतं आणि जातं. तिनं बांधावर उभं राहून फोटो पाठवले. सगळे शेतातच भाकरी खायला बसले. दोघं भाऊ शेजारी बसले नाहीत, समोरासमोर बसले, म्हणजे पिशवी दोघांना दिसत राहील. जेवण संपता संपता मोबाइल वाजला. तिनं वाचलं, आणि मग मोठ्यानं वाचून दाखवलं. ‘नर प्रौढ आहे, पाल्प स्पष्ट आहेत. मला हा ओळखता येत नाही. झुडूप आहे तसं राहू द्या. येतो.’

“म्हंजे त्यालेई नाई समजलं?” गुलाबरावांनी विचारलं.

“नाई.”

“इतके शिकलेले मानूस. नाई समजलं त मंग येऊन कायले राह्यले?”

“नाई समजलं म्हनूनच येऊन राह्यले, बाबा.”

गुलाबरावांनी यावर विचार केला. उत्तर त्यांना पुरतं पटलं, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं नाही. त्यांनी हात धुतले, कोयता उचलला, राजकुमारला तुरीत लावलेली मोटारसायकल बाहेर काढायला सांगितलं, आणि धुऱ्याच्या दुसऱ्या टोकाकडे चालू लागले. संध्याकाळपर्यंत धुरा साफ झाला. बोरीचं ते एक झुडूप मात्र तसंच राहिलं, आणि त्याच्या चारी बाजूंना गुलाबरावांनी काटे रचून ठेवले होते, म्हणजे कोणाचं बकरू तिकडे जाणार नाही.